खड्डा तोच, रोप नवे

कन्हैयालाल मुन्शींनी १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून जुलै आला की शाळाशाळांतून वृक्षारोपण होते. पाहुणे रोपाला हात लावतात, मुले मागे उभी राहतात, फोटो निघतो आणि ग्रुपवर पडतो. पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात नवे रोप. वाळलेले उपटले तर कित्येकदा मुळांभोवती रोपवाटिकेची काळी पिशवी जशीच्या तशी निघते. ती लावण्याआधी फाडायची असते, हे ना पाहुण्यांना ठाऊक, ना मुलांना कुणी सांगितलेले. वर्षभर ही पिशवी आमच्या डोक्यातून जात नाही.

तसे २०२५ हे मोठ्या बातम्यांचे वर्ष. मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात गेले, पहिलीपासून हिंदीचा निर्णय २९ जूनला मागे घेतला गेला, सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला. संपादकीयात मात्र पिशवीच.

कारण शिक्षणाच्या चर्चेत सध्या 'सामाजिक-भावनिक कौशल्यां'चा फार गजर आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्यांना जागा दिली, हे योग्यच झाले. पण पाठोपाठ कार्यशाळा आल्या, तक्ते आले. संयम, सहकार्य, सहवेदना यांच्यापुढे बरोबरच्या खुणा पडू लागल्या. व्हरांड्यात चार कुंड्या ठेवल्या असत्या, तर यातले बरेचसे फुकटात साधले असते.

साधी मेथी घ्या. चार-पाच दिवसांत उगवते, महिन्याभरात खुडता येते. तेवढ्यात चौथीच्या वर्गात काय काय होते! आधी प्रत्येकालाच पाणी घालायचे असते. सगळे मिळून इतके ओततात की कोंब कुजतात. मग भांडण. मग पुन्हा पेरणी आणि पाळ्या. जिची पाळी ती तापाने घरी, तर तिच्या वाटचे कुणी करायचे? रविवारी शिपाईमामांकडे किल्ली मागायला कोण जाणार? हात आवरणे, दुसऱ्याची पाळी निभावणे, मोठ्यांपाशी नीट शब्द टाकणे, एवढे त्या एका कुंडीपायी होते. सेवाग्रामच्या नई तालीममध्ये शेती-बागकाम म्हणजे अभ्यासानंतरचा विरंगुळा नव्हता, तोच अभ्यास होता. हे आपण सोयीने विसरलो.

१९७६ मध्ये अमेरिकेत एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी एका वृद्धाश्रमातला प्रयोग प्रसिद्ध केला. दोन्ही गटांना रोपे दिली. एका गटाला सांगितले, सांभाळायचे तुम्ही. दुसऱ्याच्या रोपांना पाणी घालायला परिचारिका होत्या. पहिल्या गटाला इतर बारीकसारीक निर्णयांचीही मोकळीक होती. काही आठवड्यांत तो गट अधिक हुशारीत आणि लोकांत मिसळणारा दिसला. आमच्या शाळांतली बहुतेक मुले दुसऱ्या गटात आहेत. बाग माळ्याची, आणि मुलांच्या वाट्याला 'फुले तोडू नयेत' ही पाटी.

आणि रोप मेले तर मरू द्यावे. तपासणीच्या आदल्या दिवशी नर्सरीतून हुबेहूब तसेच आणून ठेवणारे शिक्षक मुलांना एकच गोष्ट शिकवतात: झाकपाक. का वाळले, याची वर्गात मोकळी चर्चा व्हावी, गुण कापू नयेत आणि बी पुन्हा पेरावे.

यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय 'राखण' आहे. गडांची, शेताची, भाषेची राखण आतल्या पानांत जाणत्यांनी मांडली आहे. त्या रांगेत मेथीची कुंडी किरकोळ वाटेल. पण ज्याने लहानपणी काहीच राखले नाही, त्याच्या हाती उद्या गड द्यायचा कोणत्या भरवशावर?

म्हणून फोटो मागणाऱ्या वरिष्ठांना एकच विनंती. लागवडीचा फोटो बंद करा. पुढच्या मे महिन्यातला मागा, आणि त्यात पाहुणे नकोत.