विश्लेषण : स्नीकर्स, हिपहॉप ते कोल्हापुरी… फॅशन गल्लीची, मग नफा कोणाचा?

न्यूयॉर्कच्या हार्लेममधील एका दुकानाने आलिशान ब्रँडचे लोगो वापरून जॅकेट शिवली, तेव्हा त्या दुकानावर छापे पडले. पुढे तशाच धर्तीचे जॅकेट एका आलिशान ब्रँडने रॅम्पवर आणले, तेव्हा तिला ‘मानवंदना’ म्हटले गेले. स्नीकर्स आणि हिपहॉपच्या पन्नास वर्षांच्या प्रवासात हा प्रश्न वारंवार पुढे आला आहे. २०२५ मध्ये तो कोल्हापुरातही येऊन पोहोचला.

हिपहॉप आणि स्नीकर्सचे नाते काय?

हिपहॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला, असे मानले जाते. डीजे कूल हर्क याने बहिणीच्या पार्टीत दोन टर्नटेबल वापरून गाण्यातला तालाचा तुकडा लांबवला. त्या तालावर नाचायचे, तर पायात हलके आणि पकड असलेले बूट हवेत. बास्केटबॉलसाठी तयार झालेले स्नीकर्स असे मैदानातून गल्लीत आले. महागडे सूट परवडत नसलेल्या मुलांसाठी स्वच्छ, कोरे स्नीकर्स हीच प्रतिष्ठा ठरली.

आदिदासचे ‘सुपरस्टार’ हे बूटही १९६९ मधले, बास्केटबॉलसाठीच बनवलेले. क्वीन्समधील हॉलिस या वस्तीतल्या रन-डीएमसी या त्रिकुटाने ते लेसशिवाय घालायला सुरुवात केली आणि चाहत्यांनी त्यांचे अनुकरण केले. हे कंपनीच्या जाहिरात विभागाने सुचवलेले नव्हते.

रन-डीएमसीला पैसे कसे मिळाले?

या त्रिकुटाने १९८६ मध्ये आदिदासवर एक गाणेच केले. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. त्यांच्या व्यवस्थापकांनी आदिदासच्या अधिकाऱ्याला मुद्दाम बोलावून घेतले होते. मंचावरून सांगताच हजारो प्रेक्षकांनी पायातले बूट काढून हवेत उंचावले. त्यानंतर झालेला करार सुमारे १० लाख डॉलरचा असल्याचे सांगितले जाते. खेळाडू नसलेल्या संगीतकारांशी बूट कंपनीने केलेल्या पहिल्या मोठ्या करारांमध्ये त्याची गणना होते.

यातली मेख लक्षात घ्यायला हवी. कंपनी आपणहून दारात आली नव्हती. आपल्यामुळे बूट विकले जातात, हे या मुलांनी भर सभागृहात सिद्ध करून दाखवले. सौदा करणारे व्यवस्थापक त्यांच्या बाजूला होते. प्रत्येक गल्लीच्या नशिबी हे नसते.

डॅपर डॅनचे प्रकरण नेमके काय?

डॅनियल डे ऊर्फ डॅपर डॅन याने १९८२ मध्ये हार्लेमच्या १२५ व्या रस्त्यावर दुकान थाटले. दुकान चोवीस तास उघडे असे. लुई व्हिटॉन, गुची, फेंडी यांचे लोगो चामड्यावर छापून तो जॅकेट, कोट, इतकेच काय गाड्यांची आतली सजावटही करून देई. रॅपर आणि बॉक्सर हे त्याचे गिऱ्हाईक. हे ब्रँड त्या काळी प्रामुख्याने बॅगा आणि चामडी वस्तूंसाठी ओळखले जात. त्यांच्या लोगोंनी नखशिखांत नटलेले कपडे कसे दिसतील, हे त्याने दाखवून दिले.

मात्र लोगो त्याच्या मालकीचे नव्हते. ब्रँडनी कायदेशीर कारवाई केली, छापे पडले आणि १९९२ मध्ये दुकान बंद झाले. पुढे मे २०१७ मध्ये गुचीने फ्लॉरेन्समधील शोमध्ये फुगीर बाह्यांचे एक जॅकेट सादर केले. डॅपर डॅनने १९८० च्या दशकात धावपटू डायन डिक्सनसाठी शिवलेल्या जॅकेटशी त्याचे साम्य उघड होते. समाजमाध्यमांवर टीकेची झोड उठल्यावर गुचीने ही मानवंदना असल्याचे सांगितले. त्यानंतर डॅपर डॅनशी भागीदारी झाली आणि २०१८ मध्ये हार्लेममध्ये त्याचे नवे दालन सुरू झाले. शेवट गोड झाला खरा, पण त्याला पाव शतक लागले आणि तोही टीकेनंतर.

कायदा कोणाच्या बाजूने?

कायदा लोगोचे रक्षण करतो, शैलीचे क्वचितच. अमेरिकेत लोगो हा ट्रेडमार्क असतो, तो परवानगीशिवाय छापला तर कारवाई होते. कपड्याची ठेवण ही मात्र ‘उपयोगाची वस्तू’ समजली जात असल्याने तिला सहसा कॉपीराइट मिळत नाही. त्यामुळे डॅपर डॅनने ब्रँडकडून घेतलेली गोष्ट गुन्हा ठरली आणि ब्रँडने त्याच्याकडून घेतलेली गोष्ट प्रेरणा.

संगीतात हिशेब वेगळा आहे. जुन्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरणे हे उल्लंघन आहे, असे १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने रॅपर बिझ मार्कीच्या प्रकरणात स्पष्ट केले. तेव्हापासून रॅपरला काही सेकंदांच्या तुकड्यासाठीही परवानगी घ्यावी लागते, पैसे मोजावे लागतात. त्याच रॅपरची वेशभूषा उचलणाऱ्या कंपनीवर असे बंधन नाही.

भारतातही स्थिती फार वेगळी नाही. डिझाइन कायदा, २००० नुसार नोंदणीसाठी डिझाइन नवे असावे लागते. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली वस्तू त्या व्याख्येत बसत नाही.

याचा कोल्हापुरीशी संबंध काय?

जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने सादर केलेल्या चपला पाहून महाराष्ट्रात संताप उसळला. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यात महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्हे येतात. पण हे मानांकन प्रामुख्याने नावाचे रक्षण करते. प्राडाने ‘कोल्हापुरी’ हे नाव वापरलेच नव्हते, ‘लेदर सँडल’ म्हटले होते. पळवाट नेमकी तिथेच होती. मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिकाही फेटाळली गेली.

तरीही वाद थांबला नाही. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिले, प्राडाने भारतीय पादत्राणांची प्रेरणा मान्य केली. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातील लिडकॉम आणि कर्नाटकातील लिडकर या महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड भारतातच बनवून, जोडामागे सुमारे ८०० युरो किमतीला विकण्याची योजना जाहीर झाली. ब्रँडने उचलले, लोक भडकले आणि मग करार झाला : हार्लेमचाच क्रम इथेही दिसला.

मग सगळीच उसनवारी चोरी का?

तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. हिपहॉप स्वतःच दुसऱ्यांच्या गाण्यांच्या तुकड्यांवर उभे राहिले. मुंबईच्या गल्ल्यांतील रॅपही ब्राँक्सकडून शिकूनच घडले. ‘फर्स्ट कॉपी’ स्नीकर्स घालून रॅप करणाऱ्या मुलाला आणि अब्जावधींची उलाढाल असलेल्या कंपनीला एकाच मापाने मोजता येणार नाही. देवाणघेवाण थांबली तर संस्कृतीही थांबेल. प्रश्न घेण्याचा नाही, घेतल्यावर नाव आणि वाटा देण्याचा आहे.

मुंबईच्या रॅपर्सनी काय शिकावे?

‘गली बॉय’ २०१९ मध्ये प्रदर्शित झाला आणि मुंबईतील रॅप घराघरांत पोहोचले. गल्लीची भाषा, कपडे आणि चाल जाहिरातींना हवीशी वाटू लागली. अशा वेळी फुकटचे बूट आणि एक फोटो म्हणजे मोबदला नव्हे. नाव, आवाज आणि चेहरा कुठे व किती काळ वापरणार, प्रत्येक विक्रीमागे किती मिळणार, हे सही करण्यापूर्वी कागदावर यायला हवे.

कोल्हापुरीच्या करारालाही हीच कसोटी लावावी. जोडामागच्या आठशे युरोंतील किती रक्कम चप्पल शिवणाऱ्या हातात पडते, हे दोन्ही महामंडळांनी जाहीर करावे. तो आकडा समोर येईपर्यंत करार झाला म्हणून समाधान मानणे घाईचे ठरेल. संतापामुळे ब्रँड बोलणी करायला येतो. वाटा किती, हे मात्र कागदच ठरवतो.