दाट सावलीचा परका

न्यू जर्सीतल्या आमच्या अंगणातल्या झाडाला मी कैक वर्षे शुगर मेपल समजत होतो. शेजारच्या आजींनी पानाचा देठ मोडायला लावला, तर रुईसारखा पांढरा चीक! म्हणजे हा नॉर्वे मेपल, मूळचा युरोपातला. एल्म रोगाने गेले, तेव्हा रस्तोरस्ती हाच लावला गेला. सावली गर्द, पण मुळे इतकी वरवर, की खाली गवतही धड उगवत नाही. बिया वाऱ्याने रानात जातात आणि देशी रोपांना दडपतात. मॅसॅच्युसेट्सने तर त्याची विक्रीच बंद केली. परक्याला हाकला म्हणताना माझी जीभ अडखळते (मी तरी इथला कुठला?). पण नवे झाड लावायचे तर तांबडा मेपलच लावावा, बुंध्याचा पसरट भाग मातीत न गाडता. जुने मी तोडणार नाही. त्याची रोपे मात्र दर वसंतात उपटतो.