विश्लेषण : सर्व्हर भाड्याचा, मग बॅकअपची जबाबदारी कोणाची?

गोंडपिपरी : तालुक्याच्या गावातील पतसंस्था असो वा महाविद्यालय, कामकाज आता संकेतस्थळावर आले आहे. ते ज्या सर्व्हरवर चालते तो मात्र दूर कुठेतरी भाड्याने घेतलेला असतो. तो जळाला किंवा हॅक झाला, तर ठेवीदारांच्या आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी परत कोण आणून देणार?

एमआयडीसीत काय घडले?

मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (एमआयडीसी) यंत्रणेवर रॅन्समवेअर हल्ला झाला. मुंबई मुख्यालयातील सर्व्हरवरची माहिती कुलूपबंद झाली, राज्यभरातील कार्यालयांचे ऑनलाइन काम थांबले. महामंडळाच्या काही प्रणाली खासगी क्लाउडवर होत्या, तर काही सर्व्हर स्वतःच्या ताब्यात होते. महत्त्वाचे बॅकअप नेटवर्कच्या वेगळ्या भागात असल्याने ते वाचले, असे महामंडळाने तेव्हा सांगितले.

करारात काय असते?

इमारत, वीज, नेटवर्क आणि यंत्र होस्टिंग कंपनी सांभाळते. त्यावरचे सॉफ्टवेअर, पासवर्ड, अपडेट आणि माहिती ही साधारणतः ग्राहकाची जबाबदारी. ‘मॅनेज्ड’ सेवा घेतल्यास यातली काही कामे कंपनीकडे जातात. कोणती, ते करारात पाहावे लागते. ‘९९.९ टक्के अपटाइम’ ही सर्व्हर चालू राहण्याची हमी आहे आणि तीतही महिन्याला सुमारे ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा असते. गेलेली माहिती परत मिळण्याशी तिचा संबंध नाही.

मग कंपनी नेहमीच सुटते का?

नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एका ग्राहकाने पैसे मोजून बॅकअप सेवा घेतली होती, पण बॅकअप त्याच इमारतीत ठेवला होता. मूळ माहितीबरोबर तोही जळाला. जानेवारी २०२३ मध्ये लील येथील व्यापारी न्यायालयाने ग्राहकाला भरपाई देण्याचा आदेश दिला. कंपनीने लेखी स्वीकारलेली जबाबदारी तिला टाळता आली नाही.

भारतीय कायदा काय सांगतो?

टप्प्याटप्प्याने लागू होत असलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार माहिती गोळा करणारी संस्थाच उत्तरदायी असते. काम दुसऱ्या कंपनीला दिले तरीही. सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ला कळवणे एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी बंधनकारक केले आहे.

संस्थांनी काय करावे?

माहितीच्या तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. बॅकअप कोण, किती दिवसांनी आणि कुठे घेणार, हे करारात लिहून घ्यावे. सर्व्हरचा पासवर्ड संकेतस्थळ बनवून देणाऱ्या एकाच मुलाकडे राहू देऊ नये. आणि दर तीन महिन्यांनी बॅकअपमधून माहिती प्रत्यक्ष परत आणून पाहावी. जो बॅकअप कधी उघडून पाहिलाच नाही, त्याच्या भरवशावर ठेवीदारांना शब्द देता येत नाही.