‘कुशल माणसे मिळत नाहीत’: कोणाला आणि कोणती?

चाकण असो, मानेसर असो की होसूर, उद्योजकांची बैठक बसली की एक वाक्य हमखास ऐकू येते: “कुशल मनुष्यबळ मिळत नाही.” त्याच औद्योगिक पट्ट्याच्या आसपासच्या वस्त्यांत आयटीआय केलेली, डिप्लोमा घेतलेली, बी.एस्सी. झालेली आपली मुलं-मुली रिकाम्या हाताने बसलेली असतात. घरात पहिल्यांदाच कोणी एवढं शिकलेलं असतं. मग टंचाई नेमकी कशाची आहे?

उद्योगांचे उत्तर ठरलेले आहे. अभ्यासक्रम जुना, यंत्रे जुनी, म्हणून मुले कामाची नाहीत. यात तथ्य आहेच. ज्या यंत्रावर कारखाना चालतो ते संस्थेत पाहायलाही मिळत नसेल, तर प्रमाणपत्राचा उपयोग काय? म्हणून मालक आणि प्रशिक्षण संस्था यांनी एकत्र बसावे, याला विरोध करण्याचे कारण नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,००० सरकारी आयटीआयच्या सुधारणेसाठी ६०,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यात केंद्राचे ३०,००० कोटी, राज्यांचे २०,००० कोटी आणि उद्योगांचे १०,००० कोटी धरले आहेत. अंमलबजावणीत पुढाकार मात्र उद्योगांचा. म्हणजे सहा रुपयांतले पाच जनतेचे आणि सुकाणू मालकांच्या हाती. या सुकाणूवर आपला हात कुठे आहे, हा माझा प्रश्न आहे.

कारण नोकरी केवळ कौशल्यावर मिळत नाही. माझ्या पहिल्या मुलाखतीत तांत्रिक प्रश्न दोनच झाले. पुढचा प्रश्न होता, “वडील काय करतात?” मी खरे सांगितले. त्यानंतर मुलाखत लवकर संपली. बरीच वर्षे मला वाटत राहिले की माझेच कुठेतरी कमी पडले. पुढे सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांचा २००७ चा अभ्यास वाचला. त्यात कंपन्यांचे मनुष्यबळ अधिकारी ‘गुणवत्ते’ची भाषा बोलत होते आणि त्याच दमात उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ महत्त्वाची असल्याचे सांगत होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले. फरक होता तो आडनावाचा. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. यंत्र नवे आणले म्हणून आडनाव वाचणारा डोळा बदलत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. आजच्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने, कंत्राटी कामगार धरून, एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणे बंधनकारक आहे. याच कायद्याचे कलम ३-अ अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवायला सांगते आणि कलम ३-ब इतर मागासवर्गीयांसाठी. हे बंधन खासगी मालकालाही लागू आहे. खासगी क्षेत्रात आरक्षणाचे नाव काढले की गहजब होतो, पण कारखान्याच्या दारापर्यंत ते कायद्याने कधीच पोहोचले आहे. आपल्यापैकी किती पदवीधरांना हे ठाऊक आहे?

दाराच्या आत मात्र वाट अडते. कलम १८ नुसार अप्रेंटिस हा कामगार नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर कलम २२ एवढेच सांगते की, प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना नोकरीत घेण्याबाबत मालकाने स्वतःचे धोरण ठरवावे. म्हणजे वर्षभर विद्यावेतनावर राबवून घ्यायचे, मग नवी तुकडी आणायची आणि पुन्हा म्हणायचे, कुशल माणसे मिळत नाहीत!

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. महायुद्धामुळे तेव्हाही कारागिरांची टंचाई होती आणि तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली त्रिपक्षीय परिषद भरली. सरकार, मालक आणि मजूर यांनी नियमित एकत्र बसायचे, हे तिथे पक्के झाले. आजच्या कौशल्याच्या टेबलावर तिसरी खुर्ची दिसत नाही.

ती मागितली पाहिजे. आयटीआयच्या कारभारात माजी विद्यार्थी आणि कामगार संघटनांचे प्रतिनिधी हवेत, त्यांत दलित, आदिवासी, भटके-विमुक्त आणि ओबीसी समाजांचे, स्त्रियांसह. सार्वजनिक पैसा घेणाऱ्या प्रत्येक भागीदार कंपनीने दरवर्षी जाहीर करावे: अप्रेंटिस किती घेतले, कोणत्या प्रवर्गातले, आणि त्यांतले किती कायम झाले.

हे होईपर्यंत हातात असलेले वापरू. खासगी कंपनीला माहितीचा अधिकार थेट लागू होत नाही, पण सरकारी आयटीआयला आणि शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या कार्यालयाला लागू होतो. आपल्या तालुक्यातल्या आयटीआयचा एक अर्ज लिहा. कलम ३-अ आणि ३-ब प्रमाणे जागा भरल्या का, एवढेच विचारा. आपल्या आईवडिलांना अर्ज लिहून देणारे कोणी नव्हते. आपल्याला तो लिहिता येतो.