कुंडीतली भाजी आणि घरचे बी

नवरात्रात घटस्थापनेच्या दिवशी महाराष्ट्रातील असंख्य घरांत एक छोटी पेरणी होते. पत्रावळीवर किंवा परडीत शेतातली काळी माती पसरली जाते, मध्ये घट बसतो आणि सभोवती सात किंवा नऊ प्रकारचे धान्य पेरले जाते. दसऱ्याला ते हिरवे-पिवळे तुरे टोपीत खोवले जातात. कोणते धान्य जोमाने उगवले आणि कोणते कुजले, यावरून रब्बीसाठी राखलेल्या बियाण्याची परीक्षा होत असे, हे जाणती मंडळी आजही सांगतात. श्रद्धेच्या पोटात व्यवहाराचे शहाणपण सांभाळण्याची ही आपल्या समाजाची रीत. आज घट बसतो, आरती होते. पण घटाभोवती पेरायचे धान्य बहुतेक घरांत पूजासाहित्याबरोबर पुडीत विकत येते. विधी घरात राहिला, बी मात्र घरातून गेले.

शिरूर तालुक्यातील निमोण्यासारख्या गावातही चित्र फारसे वेगळे नाही. घोड नदीच्या खोऱ्यातला हा पर्जन्यछायेचा मुलूख. पाणी पोहोचले तिथे ऊस आणि कांदा उभा राहिला, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीने तरुणांच्या हाताला काम दिले, कुडाची घरे जाऊन पक्की घरे आली. ही प्रगतीच आहे आणि तिच्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. पण त्याच ओघात मोरीच्या सांडपाण्यावर वाढणारा अळूचा वाफा, कुंपणावरचा वाल आणि छपरावर चढलेला दोडका यांची जागा फरशीने घेतली. शेतात एकरांनी पीक उभे असते आणि संध्याकाळच्या भाजीसाठी पिशवी घेऊन बाजाराची वाट धरावी लागते. म्हणून डबा, बादली, कुंडी यांत भाजी पिकविणे हा केवळ पुण्या-मुंबईच्या गच्चीवरचा छंद समजू नये. परसाला मुकलेल्या खेड्यातल्या घरालाही त्याची तितकीच गरज आहे.

या विषयात महाराष्ट्राने देशाला बरेच काही दिले आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर हे गणिताचे अध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा करून सूर्यप्रकाश, पाणी आणि पालापाचोळा यांचा हिशेब सामान्य माणसाच्या हाती दिला. मुंबईत डॉ. रमेश दोशी यांनी उसाचा टाकाऊ भाग वापरून गच्चीवर पिंपांत आणि पिशव्यांत भाज्या घेऊन दाखविल्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातील ओला कचरा जिरवून बाग फुलविली. शिरूर तालुक्यातच पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला आणि हाताने काम करीत शिकण्याचा मार्ग ग्रामीण मुलांपुढे ठेवला. अशा प्रयत्नांमुळे कुंडीत भाजी येते की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही.

खरा प्रश्न त्यापुढचा आहे. कुंडीत पेरायचे बी कोणाचे? आज हौसेने बाग करणारी बहुतेक कुटुंबे रोपवाटिकेतून रोप आणतात किंवा बियाण्याचे पाकीट आणतात. हंगाम संपला की कुंडी रिकामी होते आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाकीट येते. त्यातले बरेचसे बियाणे संकरित असते. दोन निरनिराळ्या वाणांच्या संकरातून तयार झालेली पहिली पिढी एकसारखी आणि भरघोस येते; पण तिचे बी धरून पेरले तर गुण विखुरतात आणि मूळचे पीक मिळत नाही. दर हंगामाला दुकानाची पायरी चढणे त्यात ओघानेच येते. बाजारासाठी पिकविणाऱ्या शेतकऱ्याने असे बियाणे निवडले तर त्याला दोष देता येणार नाही. त्याला वजन हवे, एकसारखा माल हवा, वाहतुकीत टिकणारे फळ हवे. त्याचे कर्ज त्यावर फिटायचे असते. घरच्या डब्यावर मात्र यातले कोणतेच ओझे नाही. वांगे वाकडे निघाले किंवा टोमॅटो आठवडाभर टिकला नाही, तरी कोणाचा संसार उघड्यावर पडत नाही. म्हणूनच जुने, चवीचे, आपल्या हवेला सरावलेले वाण राखण्याची सर्वांत सोयीची जागा घरची कुंडी हीच आहे.

बियाण्यावरील मालकीचा प्रश्न राष्ट्रीय जीवनाशी जोडलेला आहे, हे आपल्या विचारविश्वाला नवीन नाही. डंकेल प्रस्तावाच्या काळात दत्तोपंत ठेंगडी यांनी बौद्धिक संपदेच्या जाचक अटींविरुद्ध देशभर जागृती केली. त्यांनीच 1979 मध्ये स्थापन केलेला भारतीय किसान संघ आणि 1991 मध्ये सुरू झालेला स्वदेशी जागरण मंच हे त्या जागृतीचे वाहक होते. 1995 मध्ये जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. पुढे 2001 मध्ये संसदेने पीक वाण आणि शेतकरी हक्क संरक्षणाचा कायदा केला. नोंदणीकृत वाणाचे बियाणे ब्रँडच्या नावाने विकता येत नाही, एवढी मर्यादा सोडली तर शेतात आलेले बियाणे राखणे, पुन्हा पेरणे, देणे-घेणे आणि विकणे हा शेतकऱ्याचा हक्क या कायद्याने मान्य केला. 2010 मध्ये बीटी वांग्याच्या लागवडीला स्थगिती मिळाली, तेव्हाही वांग्याच्या निमित्ताने हाच विषय घरोघर पोहोचला होता. पण कायद्याने दिलेला हक्क वापरला नाही तर तो कागदावर राहतो. बी धरण्याची विद्या विसरलेल्या समाजाला बी राखण्याच्या हक्काचा उपयोग काय?

ही विद्या कोणी जिवंत ठेवली, हे पाहण्यासाठी दूर जायला नको. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. महादेव कोळी समाजातील या माउलीने वाल-घेवड्यापासून भातापर्यंत शंभराहून अधिक वाण सांभाळले. उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये उभ्या केलेल्या 'बाएफ' संस्थेने त्यांच्या कामाला बियाणे बँकेचे रूप देण्यास मदत केली. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. डोंगरातल्या एका निरक्षर स्त्रीने जे जपले, ते आपण पदवीधर कुटुंबांनी किती सहज गमावले, याचा विचार त्यांच्या सत्काराला टाळ्या वाजवताना करायला हवा.

प्रत्यक्ष काम अवघड नाही. पंधरा किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा किंवा जुनी बादली घ्यावी, तळाला भोके पाडावीत. कीटकनाशकाचे डबे मात्र कधीही वापरू नयेत. निम्मे कुजलेले पाचट किंवा पालापाचोळा, उरलेल्या निम्म्यात माती आणि शेणखत, असे मिश्रण हलके राहते आणि ओल धरते. निव्वळ ओल्या मातीने भरलेला तसा डबा पंचवीस किलोच्या पुढे जातो. गच्चीला ते ओझे सोसवत नाही. डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी टाकून न देता याच डब्यांना घालावे. मेथी-कोथिंबिरीला वीतभर खोली पुरते, वांगी-मिरचीला हातभर डबा लागतो. धणे रगडून दोन भाग करून पेरावेत. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोलीपेक्षा खाली जाऊ देऊ नये.

बी धरण्याची सुरुवात मेथी, वाल, घेवडा, चवळी आणि टोमॅटो यांपासून करावी. यांचे परागीभवन बहुतांशी त्याच फुलात होते, त्यामुळे वाण शुद्ध राहतो. वांगी, मिरची, भेंडी यांच्यात थोडीफार भेसळ होऊ शकते. त्यांच्या निवडक कळ्यांवर पातळ कापडाची पिशवी बांधावी. वेलभाज्यांचे परागीभवन कीटक करतात. तिथे मादी कळी उमलण्याआधी बांधून ठेवावी आणि उमलताच नरफूल हाताने फिरवून पुन्हा बांधावी. काकडी, कारले, भोपळा सकाळी फुलतात. दोडका आणि दुधी संध्याकाळी. टोमॅटोचा गर दोन-तीन दिवस आंबवून बी धुवावे, सावलीत वाळवावे, राखेत घोळून कोरड्या डब्यात ठेवावे. पेरण्यापूर्वी दहा बिया ओल्या फडक्यात बांधून किती उगवतात ते पाहावे. एक शिस्त मात्र पाळावीच लागते. उत्तम फळ ताटात आणि उरलेले किडके फळ बियाला, असे चालत नाही. सर्वांत जोमदार रोपावरचे सर्वांत चांगले फळ पूर्ण पिकेपर्यंत तोडायचे नाही, हा संयम घरातल्या लहानांनाही पाहू द्यावा.

चार डब्यांनी घराची भाजी भागणार नाही, असा आक्षेप कोणी घेईल. तो खराच आहे. बाजार बंद करणे हा हेतूही नाही. पण एका टोमॅटोतल्या बिया दहा घरांना पुरतात आणि दहा घरांनी राखलेला वाण एखाद्या घरी बुडाला तरी नष्ट होत नाही. बियाण्याची सुरक्षितता कोठारापेक्षा अशा देवाणघेवाणीत अधिक असते.

संघाच्या शताब्दीनिमित्त समाजापुढे ठेवलेल्या पंचपरिवर्तनात पर्यावरण, कुटुंबप्रबोधन आणि स्वबोध हे विषय आहेत. त्यांची भाषणे आपण पुष्कळ ऐकली. त्यांचे आचरण एका डब्यापासून सुरू करता येईल. मराठीत बियाण्याच्या जातीलाही 'वाण' म्हणतात आणि संक्रांतीला सुवासिनी देतात तेही 'वाण'च. येत्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्या लुटण्याऐवजी घरी धरलेल्या वालाच्या, दोडक्याच्या, काकडीच्या बियांची पुडी द्यावी; उन्हाळी वेलांचे आळे घालण्याचे दिवस त्यानंतरच येतात. यंदा ज्यांच्याकडे बी नाही त्यांनी ते गावातल्या एखाद्या आजीकडून मागून आणावे. अशा आज्या अजून आहेत. त्या आहेत तोवरच हे मागून घेतले पाहिजे.