मांजरे पोत्यात भरून शिवेबाहेर टाकू नका!

गोरेगावच्या समस्त ग्रामस्थांस,

मांजरांचा सुळसुळाट झाला की ती पोत्यात कोंबून, मोटारसायकलवर लादून, दुसऱ्या गावच्या शिवेत नेऊन सोडायची, ही आपल्या मुलखात रूढ झालेली तोड निर्दय तर आहेच, परंतु तिच्यापासून इच्छित फलही पदरी पडत नाही, हे उघडपणे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हळदीच्या पोत्यांची थप्पी, सोयाबीनची कोठी, कडब्याची गंजी, जेथे जेथे उंदीर-घुशींचा राबता आणि पावसात कोरडा कोपरा आहे, तेथे तेथे मांजर आपली हद्द कायम करते. आणि एक हलविले तरी अन्न व आडोसा जागच्या जागी असल्यामुळे काही दिवसांत दुसरे तेथे ठाण मांडते. भाटी पाच-सहा महिन्यांची होताच गाभण राहू शकते व सुमारे नऊ आठवड्यांत विते. मग पोती किती पुरणार?

अमेरिकेतील इलिनॉय प्रांतात मांजरांच्या गळ्यांत रेडिओपट्टे बांधून त्यांच्या संचाराचा जो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला, त्यात पाळीव मांजरांचा वावर सरासरी पाच एकरांच्या आसपास आढळला, तर एका बेवारस बोक्याचा संचार ५४७ हेक्टर, म्हणजे साडेतेराशे एकरांवर पसरलेला निघाला. आपण शिवेबाहेर टाकलेले मांजर कोणत्या पंक्तीत जाऊन बसते, हे निराळे सांगावयास नको. भुकेपोटी ते शिवार पालथे घालते. तित्तर आणि लावे जमिनीवरच अंडी घालतात, ती त्याच्या तोंडी पडतात. शिवाय ओढ्याकाठच्या रानमांजराशी त्याचा संकर होण्याचे भय असते, ते वेगळेच.

यावर खरी तोड नसबंदीची; मात्र त्या शस्त्रक्रियेने शिकारीची उपजत वृत्ती नाहीशी होत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच नसबंदी केलेले मांजर पुन्हा त्याच गल्लीत सोडावे, ओळखीसाठी त्याच्या कानाचे टोक भूल असतानाच छाटावे, आणि त्याला खाऊ घालावयाचे ते गावठाणातच, ठरल्या जागी व ठरल्या वेळी, उष्टे मागे न ठेवता. शेतातल्या आखाड्यावर मात्र नवी मांजरे नेऊन सोडू नयेत, असा आमचा स्पष्ट आग्रह आहे. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे, याचीही सर्वांनी नोंद घ्यावी.

ग्रामपंचायतीने ठराव करून जिल्हा पशुसंवर्धन खात्याकडे व परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयाकडे नसबंदी शिबिरासाठी रीतसर अर्ज करावा, ही आमची मागणी आहे. येत्या ग्रामसभेस हजर राहा, ठरावाच्या बाजूने हात वर करा, आणि आपल्या गल्लीतील भाट्यांची यादी सोबत आणा.

आपले,
गोरेगावातील काही रहिवासी