शब्दांची गाठभेट : कोड्यात सुपा



सुप्याहून एका मुलीचं पत्र आलंय. चांगलंच रागावलेलं. ‘तुमच्या कोड्यात मुंबई येते, काशी येते. आमचं सुपा कधीच का नाही? दोनच तर घरं लागतात!’ सोबत चौकटीच्या वहीच्या पानावर तिनं स्वतः रचलेलं कोडं, सगळं आपल्या भागातल्या नावांचं. खाली बारीक अक्षरात, ‘जमलं नाही. फाडणार होते.’

पोरी, फाडलं नाहीस ते फार बरं केलंस!

तिनं ‘नगर’ उभं लिहिलं. (जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर, पण बोलण्यात अजून नगरच.) ‘ग’वरून ‘राळेगण’ आडवं, ‘र’वरून ‘पारनेर’ आडवं. झाली की पंचाईत! दोन्ही ओळी एकमेकींना चिकटल्या आणि ‘ळे’खाली ‘पा’ आला. ‘ळेपा’ म्हणजे काय हो?

१९१३ च्या २१ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात आर्थर विन यांनी पहिलं शब्दकोडं छापलं. त्यांचं काम तसं सोपं होतं, इंग्रजीत सारी २६ अक्षरं. आपल्याकडे एका घरात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं. ‘र’च्या घरात ‘रा’ चालत नाही. म्हणून एकाच विषयाचे शब्द एकमेकांत अडकवायला मराठीत जास्त डोकं खाजवावं लागतं. पण अडकले की जी मजा येते!

मीही दोन संध्याकाळी खोडरबर झिजवला. ‘नगर’ काढलं नि ‘संगमनेर’ उभं घातलं. त्यातही ‘ग’ आहे, ‘र’ आहे, आणि मध्ये दोन घरांची मोकळी जागा. ‘ग’वर राळेगण, शेवटच्या ‘र’वर पारनेर संपतं. राळेगणच्या ‘रा’वर वरून ‘बंधारा’ उतरला. राळेगणसिद्धीनं पाणी अडवून नाव कमावलं, तिथं बंधारा हवाच होता! आणि पारनेरच्या ‘पा’वर, अगदी कोपऱ्यात, सुपा.

आता सूचना. तिनं लिहिलं होतं, ‘पारनेर तालुक्यातील एक गाव’. असं नको गं, अशी गावं कितीतरी! सूचना वाचून आधी कपाळाला आठी पडावी, मग हसू यावं, आणि उत्तर एकच निघावं. मी केलीय ती अशी :

‘त’ जोडला तर धान्य पाखडतात, काढला तर पुणे-नगर रस्त्यावर एसटी थांबते. (२)

बारामतीकडचं सुपे निराळं, ते यात बसतच नाही.

निघोजचे कुकडी नदीतले रांजणखळगे मात्र माझ्या चौकटीत काही मावले नाहीत. ‘निघोज’ आणि ‘रांजण’ एकमेकांना कुठे भेटतात ते तुम्हाला दिसलंच असेल. ती जोडी उरलेल्या कोड्याला कुठून जोडायची? मधला शब्द शोधा, चौकट आखून पाठवा. आणि सुप्याच्या बाई, तुमचं कोडं मला पुन्हा हवंय. या वेळी शाईनं लिहिलेलं!

तुमचा,
कोडेकाका